परमिटवरची राजेश्वरी

शाळेतून आलेल्या कागदावर सहा ओळी होत्या. त्यातली चौथी मी इतक्या वेळा वाचली की कागद तेवढ्या पट्टीत मऊ पडला. 'पालकांनी सोबत येऊ नये.' मोठ्या शिशुवर्गाची एका दिवसाची सहल, तासगावजवळच्या एका मळ्यात, द्राक्षं बघायला. सकाळी आठला बस, संध्याकाळी पाचला परत. खाली संमती आणि सहीसाठी रेघ. कागद सोमवारी द्यायचा होता.

द्राक्षं कुणाच्या अंगावर धावून येत नाहीत, हे मलाही कळतं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पण मळा म्हटलं की विहीर आली. द्राक्षं म्हटलं की फवारणी आली. आणि बस म्हटलं की बसचा तो मागचा दरवाजा आला, ज्याच्याविषयी शाळेने कागदावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. शिवाय आमची साजिरी पाच वर्षांची आहे आणि कोंबडी दिसली तरी माझ्या ओढणीत शिरते. ती नऊ तास माझ्याशिवाय राहणार? पहिल्या चौकातच रडायला लागेल. आणि रडायला लागल्यावर तिला काय हवं असतं, हे सांगलीजवळच्या आमच्या माधवनगरात फक्त एका व्यक्तीला कळतं.

"आमची पोरं मेंढरांच्या पायातनं चालाय शिकली," आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सुलाबाई. माहेर आटपाडीकडचं. त्यांच्या बोलण्यातलं प्रत्येक मूल तीन डोंगर ओलांडतं, वाटेत एखादा लांडगा हाकलतं आणि दिवेलागणीला आपलं आपण घरी येतं. माझा नवरा ऋषिराज त्या मुलांपैकीच एक. त्याला विचारलं तर म्हणतो, मी तर मिरजेच्या होस्टेलवर होतो.

"तिला भीती वाटते, आत्या."

"पोरगी कुठं भिती? भितीस तू. ती नुसती तुझं बघून करती."

हे वाक्य त्यांनी भाजी निवडता निवडता, मान वर न करता टाकलं. त्या रात्रीची माझी पोळी करपली, आणि त्याचं कारण गॅस नव्हता.

तोडगा काढला तो मामांनी. मामा म्हणजे सासरे, आकाराम सरगर. मामांनी आयुष्याची बारा वर्षं मेंढरांमागे काढली आणि पुढची तीस इथल्या गिरणीत. त्या तीस वर्षांबद्दल ते कधीच बोलत नाहीत. ते म्हणाले, "भांडताय कशाला? पोरीला एकदा रानात न्हिऊ. रान बघितल्यावर द्राक्षाला कोण भितंय?"

चांदोलीच्या अंगाला कडवेवाडी म्हणून गाव आहे. तिथून बफरच्या जंगलात गाईड घेऊन जीपने फिरता येतं, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. मुख्य जंगलाच्या भोवतीचं जंगल म्हणजे बफर. आपण इथं नक्की चालतो की नाही, याची खात्री जनावरांनाही नसते आणि माणसांनाही नसते, असा तो भाग.

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की ऋषिराजने मोबाइलमधून डोकं वर काढलं.

माझा बेत मी कुणाला सांगितला नव्हता, इथे सांगते. जंगलात साजू रडणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. आणि ती रडली की विषय संपला. मामांच्या समोर, ऋषिराजच्या समोर, साक्षीपुराव्यानिशी. मग मी तो कागद सही न करता शाळेत देणार आणि घरात कुणी मेंढरांचं नाव काढणार नाही. आईने असा विचार करू नये, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाचणाऱ्याला मूल आहे का, ते आधी बघावं.

बेत पक्का झाल्याचं मी फक्त शेजारच्या अकिलाभाभींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना आमचं जंगल पाठ झालं.

"लाल घालू नको बघ," अकिलाभाभी म्हणाल्या. "पिवळं पण नको. आमचे हे एकदा दांडेलीला गेले होते, पांढरा शर्ट घालून. काहीच दिसलं नाही."

"मग मातकट घालू?"

"मातकट घाल. पण पोरीला नको, हरवली तर दिसायची नाही."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्या रात्री मी दोन तास साजूच्या कपड्यांसमोर बसले. जनावराला दिसू नये पण आईला दिसावं, असा रंग निसर्गात नाही. शेवटी मातकट फ्रॉक आणि आतून लाल बनियन, असं ठरलं. हरवलीस तर फ्रॉक काढायचा, असं मी तिला समजावलं. ती "बरं" म्हणाली. ती मला कशालाही "बरं" म्हणते. तेच तर काळजीचं आहे.

कोपऱ्यावरच्या काकूंनी साबण न लावता आंघोळ करायला सांगितलं, समोरच्या सरांनी सापासाठी खिशात लसूण ठेवायला सांगितलं, आणि अकिलाभाभींनी निघायच्या आदल्या दिवशी दोन किलो भडंग आणून दिलं. शांततेच्या जंगलात खायला सांगलीचं कुरकुरीत भडंग. पण त्यांनी ते इतक्या प्रेमाने दिलं की नाही म्हणवेना.

परमिट ऑनलाइन काढायचं होतं. एरवी असल्या गोष्टी मीच करते, पण त्या आठवड्यात साजूला सर्दी होती आणि माझं लक्ष तिच्या छातीच्या आवाजाकडे होतं. मामा म्हणाले, मी बाळासोकडं जातो. बाळासोचं स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मामा रेशनकार्ड घेऊन गेले. मामा कुठेही रेशनकार्ड घेऊन जातात, दवाखान्यातसुद्धा.

तासाभराने बाळासोचा फोन. "वैनी, पोरीचा रक्तगट काय?"

"जंगलाच्या फॉर्मला रक्तगट कशाला?"

"त्येनी इचारलंय. मी भरतोय."

मग ओटीपी ऋषिराजच्या मोबाइलवर गेला, ऋषिराज मिरजेत मीटिंगमध्ये. तो बाहेर आला तोवर ओटीपी शिळा झाला. ताजा आला तोवर साइट झोपली. साइट उठली तेव्हा बाळासो जेवायला गेला होता. संध्याकाळी मामा परमिट घेऊन आले, चुरगळलेलं, पण खरं. मी ते उभ्याउभ्या तपासलं. तारीख, शनिवार, बरोबर. वेळ तीन ते साडेपाच, बरोबर. साजूचं नाव, वय, रक्तगट, बरोबर. मामांचं वय, ऋषिराजचा नंबर, सगळं बरोबर. माझ्या नावाची ओळ मी तपासली नाही. स्वतःच्या नावात कोण कशाला चूक शोधेल?

शनिवारी सकाळी निघालो. आत्या गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या. दारात उभं राहून त्यांनी साजूवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि म्हणाल्या, "रडायचं न्हाई हां बाळा. तुझ्या आईला तेवढंच पायजे हाय." मी बॅग उचलली. त्या बाईला कधीकधी नको इतकं कळतं.

बॅगेविषयी थोडं. ती नऊ किलोची होती. त्यात काय होतं ते पुढे सगळ्या जगासमोर आलंच, म्हणून आत्ता सांगत नाही.

कडवेवाडीचं गेट म्हणजे एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली, एक उघडी जीप आणि टेबलामागे खाकी गणवेशातल्या एक वनरक्षक बाई. नावाच्या पट्टीवर 'सोनिया' एवढंच वाचता आलं, पुढचं आडनाव खिशाच्या टोपणात गेलं होतं. जीपला टेकून बिरदेव उभा होता. तो जीपही चालवायचा आणि गाईडही होता, आणि मामांना बघताच त्याने त्यांचं गाव, पाव्हणे आणि मेंढरं कुठल्या घाटाने उतरायची, हे सगळं दोन मिनिटांत काढून घेतलं. मामा दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.

सोनियामॅडमनी परमिट हातात घेऊन एकेक नाव वाचायला सुरुवात केली.

"ऋषिराज आकाराम सरगर."

"मी."

"आकाराम बिरू सरगर."

"हाय."

"साजिरी ऋषिराज सरगर." मॅडमनी साजूच्या आधारकार्डाकडे बघितलं. त्यातला फोटो नवव्या महिन्यातला आहे: टक्कल, आणि सरकारवर भयंकर राग. मग साजूकडे बघितलं. "हीच का?"

"हीच."

"बरं. राजेश्वरी ऋषिराज सरगर."

ऋषिराजने मागे वळून बघितलं. मीसुद्धा मागे वळून बघितलं. आमच्याबरोबर आणखी कुणी बाई आली आहे आणि मला कुणी सांगितलं नाही, असं मला क्षणभर खरंच वाटलं.

"राजेश्वरी कोण?" मॅडम.

मामा घसा खाकरून म्हणाले, "हीच की ती. आमची सून."

तेव्हा मला ते ताट आठवलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले होते, आणि आत्यांच्या सांगण्यावरून ऋषिराजने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं होतं. ऋषिराजला शोभेसं राजेश्वरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी मला "आगं प्रांजल, च्या ठेव" म्हणून हाक मारली. त्यानंतर सात वर्षं राजेश्वरीला कुणी हाक मारली नाही. ती फक्त एका ठिकाणी राहत होती: मामांच्या रेशनकार्डावर.

"ताई, तुमचं आधार बघू," मॅडम म्हणाल्या. आधारवर प्रांजल. पॅनवर प्रांजल. लायसन्सवर, मतदान कार्डावर, दवाखान्याच्या फाइलवर, सगळीकडे प्रांजल. मी एकेक कार्ड टेबलावर ठेवत गेले आणि प्रत्येक कार्डाबरोबर मी राजेश्वरी नसल्याचा पुरावा आणखी भक्कम होत गेला.

"मॅडम, ही माझीच बायको आहे," ऋषिराज म्हणाला.

"असेल की. मी कुठं नाही म्हणते? पण परमिट राजेश्वरीचं आहे."

"आवं मीच लावलंय नाव कार्डावर," मामा पुढे सरसावले. "तांदळात लिवलं हुतं, समद्यांच्या म्होरं."

"तांदूळ आणलेत का?"

हे मॅडमनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मामांनी खिशाकडे हात नेला. मग त्यांनी तो तसाच खाली घेतला.

नियम साधा होता. नाव जुळत नाही, आत जाता येत नाही. बदल करायचा तर वनखात्याच्या रेंज कार्यालयात, आणि ते शनिवारी बंद. फोन करावा तर रेंज नाही. लहान मुलाबरोबर, परमिटवर नाव असलेल्या आई-बापांपैकी एक जण हवाच, म्हणजे ऋषिराजला जावंच लागणार. आणि मामा? मामा आधीच जीपमध्ये बसले होते. त्यांच्या मांडीवर साजू होती.

"मग कुणीच जायचं नाही," असं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्याच वेळी डोक्यात दुसरं काहीतरी हललं. मी बरोबर असताना साजू रडली तर आत्या म्हणणार, तुला बघून रडली. मी बरोबर नसताना रडली, तर? तर तो असा पुरावा झाला असता की ज्यावर घरात कुणालाही बोट ठेवता आलं नसतं. आणि रडणार ती पाच मिनिटांत. पहिल्या वळणावर. गाडी वळणार, दहाव्या मिनिटाला ती माझ्या कडेवर असणार. दहा मिनिटं मी काढू शकते. मी डॉक्टरांच्या केबिनबाहेर याहून जास्त काढली आहेत.

"साजू, तू जातेस का बाबांबरोबर?"

"बरं," साजू म्हणाली.

मी ऋषिराजला बाजूला घेतलं. "रडली की लगेच वळायचं. पूर्ण रडायची वाट बघायची नाही. ओठ वाकडा झाला तरी वळायचं."

"बघू," तो म्हणाला. जीप बांबूखालून गेली. साजूने हात हलवला नाही, कारण आजोबांनी तिचे दोन्ही हात धरले होते. तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

तीन नऊला मी बांबूपाशी जाऊन उभी राहिले. तीन चौदाला मी मॅडमना विचारलं, "पहिलं वळण किती लांब आहे?"

"ते काय, दिसतंय की."

ते मलाही दिसत होतं. वळणावर कुणी नव्हतं. तीन वीसला मला कळलं की बॅग माझ्याकडेच राहिली आहे. बॅगेतल्या प्लास्टिकमुळे ती आत नेता आली नसती, हे खरं. पण त्या बॅगेशिवाय माझी मुलगी जगाच्या इतिहासात प्रथमच घराबाहेर पडली होती.

मॅडमनी वेळ जावा म्हणून असेल, नाहीतर नियम म्हणून असेल, बॅग टेबलावर रिकामी केली. थर्मामीटर, दोन. जखमेचं मलम. उलटीच्या पिशव्या. शिट्टी. साजूचा ताजा फोटो, चार प्रती, पोलिसांना लागला तर. लसूण. कापसाची पुडी.

"हे काय?"

"कानात घालायचा कापूस."

"कुणाच्या?"

"तिच्या. वाघ ओरडला तर."

मॅडमनी कापूस जागच्या जागी ठेवला आणि भडंगाची पिशवी उघडली. "हे खाऊ या का? आत चालत नाही, इथं चालतं." आम्ही भडंग खाल्लं. त्या जंगलात एवढा मोठा आवाज त्या दिवशी आणखी कुणी केला नसेल.

पावणेचारला झाडीतून खॉक खॉक असा आवाज आला. मी उभी राहिले.

"वानर आहे," मॅडम म्हणाल्या. "बिबट्या फिरत असला की ओरडतं."

ही माहिती त्या बाईने भडंगातला शेंगदाणा निवडता निवडता दिली. मला पुढचं नीट आठवत नाही. मी बांबूखालून पलीकडे गेले होते, एवढं खरं. मॅडमची शिट्टी वाजली. मी परत आले. थोड्या वेळाने वानर पुन्हा ओरडलं, मी पुन्हा गेले, पुन्हा शिट्टी वाजली. तिसऱ्या वेळी मॅडमनी वही उघडली.

"ताई, आता मला नोंद करावी लागणार. अनधिकृत प्रवेश, एक महिला." त्यांनी मान तिरकी करून रस्त्याकडे बघितलं. "नऊ पावलं. नाव काय लिहू?"

मी सरळ उभी राहिले. "राजेश्वरी ऋषिराज सरगर," मी म्हणाले.

मॅडमनी लिहिलं. परमिटशी ताडून बघितलं. जुळलं. मग त्यांचा हात थांबला. परमिट असलेली बाई अनधिकृत कशी, हा प्रश्न वनखात्यासमोर त्या दिवशी प्रथमच आला असावा. त्यांनी वही हळूच मिटली आणि चहा ठेवला.

"मला दोन वर्षांचा आहे," चहा देताना त्या म्हणाल्या. "आईकडं ठेवलाय, शिरवळला. रविवारी जाते. निघाले की रडतो."

"मग?"

"मग काय, ड्युटी असते." एवढंच. पण नंतर त्या माझ्याबरोबर बांबूपाशी येऊन उभ्या राहिल्या. खुर्ची आत होती तरी.

साडेचार झाले. पाच झाले. ओठ वाकडा झाल्याला आता दोन तास उलटले असणार, असं मी स्वतःशी म्हणत होते आणि गाडी वळली नव्हती. म्हणजे ती रडलीच नाही? हे मान्य करायला मला फार वेळ लागला, आणि मान्य केल्यावर आनंद झाला नाही, हेही लिहून टाकते. पाच वर्षं मी जे काम मन लावून केलं होतं, त्याची गरजच नव्हती, असं कुणी सांगितल्यासारखं वाटलं.

साडेपाचला यायची जीप सहाला दहा कमी असताना आली. साजू पुढे बसली होती. बिरदेव आणि मामा यांच्या मधे. मी चेहरा बघितला. गालांवर धुळीत दोन पांढुरक्या रेघा होत्या, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, वाळलेल्या.

रडली होती! तो एक क्षण मला काय वाटलं, ते सांगायची लाज वाटते. जिंकल्यासारखं वाटलं. मग मी ऋषिराजकडे बघितलं.

"ओठ वाकडा झाला तरी वळायचं, असं मी सांगितलं होतं ना?"

"मी सांगितलं वळायला," ऋषिराज म्हणाला. "बिरदेवला विचार."

"व्हय वैनी," बिरदेव जीपमधून उतरला. "पयलं वळण घेतल्या घेतल्याच रडाय लागली. गाडी थांबिवली मी. म्हणलं, वळवू का गं? तर म्हणती कशी, 'मला रडू येतंय. पण गाडी वळवू नका.'"

"म्हणजे?"

"मला बी तसंच वाटलं, म्हंजे? मी म्हणलं आसं कसं, रडायचं आसंल तर आईकडं जाऊ. तर म्हणती, 'मी रडते, तुमी चालवा.' मग काय, चालिवली. ही रडती, मी चालवतोय. पाणवठ्यापतुर रडली. आन ते बी आवाज न करता, वैनी. मी सुरवातीलाच सांगितलं हुतं, रानात गप ऱ्हायाचं. पोरीनं पाळलं. मोठी माणसं न्हाईत पाळत." असं म्हणून त्याने मामांकडे बघितलं.

मामा दुसरीकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाणवठ्यावर गव्यांचा कळप हुता," बिरदेव म्हणाला. "चौदा. महिन्यातनं एकदा दिसत्यात आसं. आमी गाडी बंद करून गप बसलेलो. ही बी रडायची थांबली हुती, डोळं एवढं करून बघत हुती. आन तुमच्या मामांनी हाळी दिली."

"काय दिली?"

"हुर्रर्र करून, मेंढरांना देत्यात तशी. ताकद लावून. अर्ध्या मिनिटात पाणवठा मोकळा."

"पिल्लू मागं ऱ्हायलं हुतं," मामा म्हणाले. तोंड अजून तिकडेच. "कळप पुढं चालला हुता आन ते एक मागं. कुणाचंच ध्यान न्हवतं. तोंडातनं आपसूक निघालं."

"आवं त्येची आय हुती की पुढं."

"हुती. पर वळून बघत न्हवती."

मामांनी धोतराच्या सोग्याने चेहरा पुसला. पोरगी मेंढरांच्या पायातून चालायला शिकली पाहिजे, असं ज्या घरात दिवसातून दोनदा बोललं जातं, त्या घराचा कर्ता माणूस गव्याच्या रेडकामागे ओरडला होता. मला त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं. राहिले.

साजू जीपमधून स्वतःची स्वतः उतरली, आधी पाय लोंबकळवून, मग उडी. मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

"आई, मी रडले," ती म्हणाली. पोटात दुखलं, भूक लागली, असं सांगते तशीच. "खूप वेळ रडले. मग गवे होते. तुला भडंग मिळालं का?"

"मिळालं."

"मला ठेवलंय?"

मी तिला भडंग दिलं. थर्मामीटर लावला नाही. काखेत बोटं घालून ताप बघितला नाही. हे मी सोनियामॅडमच्या साक्षीने सांगते, आणि त्यांच्या वहीत कशाचीही नोंद होऊ शकते.

परतीला शिराळ्याजवळ मोबाइलला रेंज आली आणि आली तशी आत्यांचा फोन आला. साजू माझ्या मांडीवर झोपली होती. ऋषिराज गाडी चालवत होता. मामा मागे बसले होते.

"आगं प्रांजल, किती वेळ लावतीय? बघितलं का रान?"

"यांनी बघितलं. मी गेटवरच होते." मी परमिटचं सांगितलं. आत्या लगेच पुढच्या मुद्द्यावर आल्या. नाव त्यांनीच निवडलं होतं.

"म्हंजे पोरगी एकटी गेली? तुझ्याबगार?"

"हो."

"मग? रडली का?"

हा प्रश्न येणार, हे मला माहीत होतं. आठ दिवस मी याच प्रश्नाची वाट बघत होते, आणि उत्तर माझ्या बाजूचं होतं. साक्षीदार दोन, तिसरा बिरदेव. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं आणि तो कागद कोरा परत जाणार होता.

"रडली," मी म्हणाले. "पाणवठ्यापर्यंत रडली. पण परत फिरली नाही."

"रडली?" आत्यांचा आवाज बदलला. "किती रडली? लय?"

"बराच वेळ."

"आगं मग तू काय करत हुतीस? आन ती दोघं बापये काय करत हुती? एवढ्याशा पोरीला रडवत न्ह्यायचं का रानातनं? आनि आता त्या मळ्यात धाडायचं? काय नगं! सांग मास्तरणीला, आमची पोर येणार न्हाई म्हणावं. तिथं कोण हाय तिचं डोळं पुसाय?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला. ऋषिराजने माझ्याकडे बघितलं. मागून मामा म्हणाले, "सुला हाय का? तिला हाळीचं सांगू नगा."

"आत्या," मी म्हणाले, "रडली तरी चालतं. रडत रडत जाता येतं."

"कोण म्हणलं?"

"मी बघितलंय," मी म्हणाले, आणि लगेच लक्षात आलं की मी काहीच बघितलेलं नाही. मी गेटवर होते. मी भडंग खात होते.

"आगं पर त्या बशीला मागनं दार आसतंय!" आत्या ओरडल्या.

मग शिराळ्यापासून आष्ट्यापर्यंत मी आत्यांची समजूत काढत होते. दाराला आतून कडी असते म्हणाले. विहिरीला कठडा असतो म्हणाले. फवारणी सकाळी लवकर उरकतात, मी वनस्पतिशास्त्र शिकलेय, म्हणाले. यातल्या एकाही वाक्यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता आणि प्रत्येक वाक्य मी पूर्ण करत होते. आष्ट्याला आत्या म्हणाल्या, बरं बाई, तुझी पोरगी हाय, कर सही. मी फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की माझेच गाल ओले झालेत.

"गाडी थांबवू का?" ऋषिराजने विचारलं.

"नको," मी म्हणाले. "चालव तू."